बिब्ब्याच्या टरफलांचा धूर

आधी मावशीचं सांगतो, मग काय झालं ते सांगेन. मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नाही, नात्यातलीही कोणी नाही. हिंगोली जिल्ह्यात, पुसेगावच्या बाजूला एका गावाच्या कडेला मी भाड्यानं खोली घेऊन राहत होतो. खोलीच्या मागे तिचं पत्र्याचं शेड होतं आणि त्यात बसून ती बिब्बे फोडायची. तिनं मला हाताला धरून दवाखान्यात नेलं, आपल्या हातानं भरवलं, आणि मला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती तेव्हा माझ्या आईशी तीच बोलली. तिचं नाव इथं लिहावं असं मनात होतं. फोन करून विचारलं तर म्हणाली, "नाव कशाला रं? गावातले म्हनतीन मावशी शिकली अन् पेपरात गेली." म्हणून नाव लिहीत नाही. माझंही नाही.

मी तळकोकणातला, वेंगुर्ल्याकडचा. नववीत शाळा सोडली. शाळा वाईट नव्हती, गुरुजीही मारकुटे नव्हते, पण परीक्षेचा कागद पुढ्यात आला की माझ्या हाताला घाम सुटायचा आणि येत असलेलंसुद्धा जायचं. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाते. ओळखीच्या एकानं मला रोलरवर हेल्पर म्हणून घेतलं, तिथंच चालवायला शिकलो. मग ठेकेदाराचं काम जिकडं, तिकडं मी. असा फिरत फिरत सेनगाव तालुक्यात रस्त्याच्या कामावर आलो. रोलर माझ्या स्वभावाला मानवतो. तो हळू चालतो, आणि एकदा नीट दाबलं गेलं नाही तर मागे येऊन परत त्यावरून जाता येतं. परीक्षेत तसं नसतं.

गावात मला सगळे रोलरवाला म्हणायचे. टपरीवर गेलो की, "रोलरवाल्याला चहा दे रे." कोणी जास्त मायाळू असला तर विचारायचा, "कोकनातून इतक्या लांब काहून आला बाबा? तिकडचे रस्ते झाले का सगळे करून?" मी हसायचो. नाव कोणाला लागलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. संध्याकाळी मशीन बंद केलं तरी त्याची थरथर अंगात राहायची. खोलीवर येऊन बसलं की समोर तूर काढलेली रानं. आमच्याकडे डोंगर असतो, माड असतात, नजर कुठंतरी टेकते. इथं ती जातच राहायची. आई व्हिडिओ कॉल करायची, मांजर दाखवायची, तुळस दाखवायची. "जेवलंस?" "जेवलंय." एवढं बोलून झालं की आम्ही दोघं थोडा वेळ नुसतेच एकमेकांकडे बघत राहायचो.

शेडमधून दिवसभर ठक ठक येत असे. मला ते ऐकायला बरं वाटायचं, आमच्या घरामागच्या काजू कारखान्यातून असाच आवाज येतो. मावशी दगडावर बिब्बा उभा धरायची, हातोडीचा एकच ठोका, आणि काळ्या टरफलातून आतलं पांढरं बी, म्हणजे गोडंबी, बाहेर. फोडण्याआधी हाताला चुलीतली राख चोळायची, बोटांना चिंध्या गुंडाळायची. तरी तिची बोटं दोन पेरांपर्यंत काळीच होती, शाईत बुडवून काढल्यासारखी. येता-जाता ती लांबूनच विचारायची, "जेवला का रोलरवाले?" मी मान हलवायचो. आमची ओळख तेवढीच.

जानेवारीत माझा गॅस संपला. सेनगावहून टाकी यायला वेळ होता. घरमालक म्हणाला, अंगणात जुनी चूल आहे, वापर. तुराट्या घातल्या तर त्या भडकन पेटून भसकन विझायच्या, भात अर्धा कच्चा राहायचा. तेव्हा मला शेडमागचा टरफलांचा ढीग दिसला.

आता इथं कोकणातल्या माणसाला काय वाटणार ते सांगतो. आमच्याकडे काजूची टरफलं हे हक्काचं जळण. आई कारखान्यातून पोतं आणते, न्हाणीच्या चुलीत ओंजळभर टाकली की पाणी कढत होईपर्यंत बघायला लागत नाही. लहानपणापासून मी त्या आगीपुढे बसलोय. पण आमच्याकडची ती टरफलं भट्टीत भाजून निघालेली असतात, त्यांच्यातलं तेल तिथंच जळून गेलेलं असतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायची वेळच आली नव्हती. बिब्बा इथं नुसता उन्हात वाळवून फोडतात. त्याचं तेल टरफलात जसंच्या तसं राहतं. मला टरफल दिसलं, आत काजूसारखी पोकळी दिसली, बिब्ब्याच्या डोक्यावरही आमच्या काजूच्या बोंडूसारखं बोंड असतं ते मी झाडावर बघितलेलं होतं. मला वाटलं, हा इकडचा काजूच. मावशी त्या दिवशी लेकीकडे गेली होती, नाहीतर तिला विचारलं असतं. घमेलंभर उचलून आणली.

टरफलं मस्त पेटली. चरचरली, कडांना फेस आला, काळा धूर निघाला आणि काजळीचे धागे हवेत तरंगायला लागले. पहिल्याच श्वासाला मला आईच्या लुगड्याचा वास आला. भट्टीवर पाळी असली की ती घरी यायची तेव्हाचा. अगदी तोच नव्हता, थोडा उग्र होता, पण त्या गावात राहायला आल्यापासून ओळखीचं असं काही माझ्या नाकाला पहिल्यांदाच लागलं होतं. कोणीही शहाणा माणूस धुरापासून मागे सरकला असता. मी पाट ओढून जवळ बसलो. भात शिजला तरी उठलो नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी बाहीनं पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी रोलरवर मान खाजायला लागली. मला वाटलं, मुरमाची धूळ. संध्याकाळी तोंड ताणल्यासारखं झालं, ओठ जड झाले. न जेवता झोपलो.

जाग आली तेव्हा वाटलं अजून रात्रच आहे. मग रस्त्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला, कुणाच्या तरी म्हशी गेल्या, आणि पत्रा तापल्याची ऊब अंगाला लागली. म्हणजे दिवस वर आला होता. हात तोंडाला लावला तर तोंड माझं नव्हतं. पापण्यांच्या जागी दोन पिकलेले बोंडू आल्यासारखे वाटत होते, आणि त्यांच्यावर पाणी भरलेले फोड. बोटांनी पापणी ओढून बघितली, उघडेना. बोटंही सुजलेली.

डोळे गेले, एवढंच मनात आलं. मी शिकलेला नाही. मला रोलर येतो, दुसरं काही येत नाही. डोळ्यांवाचून रोलर कोण देणार? आणि घरी तरी कसा जाणार, स्टँडवर एसटीची पाटी कोण वाचून दाखवणार? इतकं सगळं मी त्या बिछान्यावर बसून विचारात घेतलं, पण कोणाला हाक मारावी हे सुचलं नाही. हाक मारायला कोणाचं नाव माहीत नव्हतं.

पाण्यासाठी चाचपडत उठलो आणि हंडा पाडला.

"काय पडलं रं?" शेडमधून आवाज आला. "मांजर शिरलं का?"

पावलं आली, दार ढकललं गेलं, आणि मग, "अगं माय माय माय!"

ती थेट माझ्याकडे आली नाही. चुलीकडे गेली. राख उकरल्याचा आवाज मला आला.

"काय जाळलं हे?"

"टरफलं."

"कशाची?"

"तुमच्या शेडमागची."

"बिब्ब्याची? चुलीत? अरे येड्या, बिब्बा कोन घालतं का चुलीत?"

"आमच्याकडे घालतात."

"बिब्बा?"

"काजू."

"मंग काजू घालायची ना बाबा! हे काय तुज्या मामाच्या बागेतलं हाय का?" बोलता बोलता ती काहीतरी चावत होती. वासावरून कळलं, सुकं खोबरं. चावलेलं खोबरं ती माझ्या गालांवर, कपाळावर थापायला लागली. "बिबा उतला तुला, अंगावर फुटला. खोबरं लावलं की थंड पडतंय. आमच्यात सगळ्यांना हेच लावत्यात. हालू नको."

मी विचारलं, "मावशी, डोळे गेले का माझे?"

तिचं चावणं थांबलं. नंतर ती जे बोलली त्यात चेष्टा नव्हती. "तसलं बोलू न्हाई. ऊठ. चप्पल कुठाय तुजी?"

शेडपलीकडच्या तिच्या घरावरून गावाच्या रस्त्याला लागायला एक गल्ली आहे. मी रोज तिथून जात होतो, पण डोळे मिटून गेलो तेव्हा ती मला पायांनी कळली. काळ्या मातीचे सुकलेले खाचखळगे, मधूनच दगड, सांडपाण्याचा ओघळ. मावशीनं माझं मनगट धरलं होतं. तिचा तळवा लाकडासारखा टणक. "नाली हाय, टांग लांब टाक. आता दगड. आता उतार हाय, बैलासारखं धावू नको." नळावर बायका होत्या, त्यांना ती म्हणाली, "बघा गं, रस्तेवाल्याला मी रस्ता दाखवून राहिले!" बायका हसल्या. मग बहुतेक माझं तोंड त्यांच्या नजरेला पडलं असावं, कारण हसू मधेच तुटलं आणि नळाचं पाणी तेवढं वाजत राहिलं. त्या शांततेचं मला जास्त भय वाटलं.

सेनगावच्या जीपमध्ये माणसं दाटीनं बसली होती. कोणीतरी विचारलं, "मोहोळ उठलं का याच्यावर?"

"बिबा उतला."

"कोन हाय हा?"

"भाचा हाय माझा. कोकनातला."

"कोकनात भैन दिली तुजी? इतक्या लांब?"

"दिली. तुला काय तकलीफ हाय?"

जीप हसली. मी मनात ते एकदा परत म्हणून बघितलं, भाचा.

दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीतल्या माणसानं पेशंटचं नाव विचारलं. मावशी माझ्याकडे वळली, "काय रं, नाव काय तुजं?"

"भाच्याचं नाव ठाऊक नाही?" खिडकीतला माणूस म्हणाला.

"आमी लाडानं रोलर म्हनतो त्याला. तुमी लिहा की ते सांगतंय ते."

मी माझं नाव सांगितलं. त्या जिल्ह्यात ते मी मोठ्यानं पहिल्यांदाच उच्चारत होतो, आणि सुजलेल्या ओठांतून ते नीट निघेना. तीनदा सांगावं लागलं.

डॉक्टर बाई होत्या, आवाजावरून वयानं फार मोठ्या वाटल्या नाहीत. त्यांनी आधी गार पाण्यानं आणि साबणानं माझं तोंड, मान, हात सगळं धुवायला लावलं. मग विचारलं, "खोबरं कोणी लावलं?"

"मी," मावशी म्हणाली.

"आधी धुवायला पाहिजे होतं मावशी. बिब्ब्याचं तेल साध्या पाण्यानं जात नाही, खोबऱ्याच्या तेलात मात्र विरघळतं आणि पसरतं. धुऊन मग लावलं असतं तर गोष्ट वेगळी."

"पर आमाला तर त्यानंच बरं वाटतंय."

"तुमच्या कातडीला सवय आहे. ह्याच्या तोंडाला नाही."

"बराबर हाय," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज इतका खाली गेला की मलाच वाईट वाटलं.

डॉक्टरबाईंनी मला कुठला म्हणून विचारलं आणि कोकण म्हटल्यावर त्यांना हसू आलं. "मग तुम्हाला आंब्याचा चीक ठाऊक असेल. तोंडाला लागला की चरचरतो, काळा डाग पडतो. काजूचं तेलही तसंच. आंबा, काजू, बिब्बा, सगळे एकाच कुळातले. टरफलाच्या मधल्या थरात जे तेल असतं त्यात हे द्रव्य असतं. ते कातडीत मुरतं आणि मग आपलं शरीरच शत्रू आला समजून लढायला उठतं. हे फोड त्या लढाईचे. अंगाला लागतं तेव्हा एका जागी उततं. तुम्ही ते जाळलं, म्हणजे काजळीच्या कणाकणावर बसवून तोंडात, नाकात, डोळ्यांत घेतलं." मग त्यांनी विचारलं, "किती वेळ बसला होतात धुरात?"

"भात शिजेपर्यंत," मी म्हणालो. खरं सांगायची लाज वाटली.

त्यांनी दोन्ही बोटांनी माझी पापणी फाकवली. मी इतका घट्ट आवळून धरला होता डोळा की त्यांना रागवावं लागलं. "सोडा. वर बघा, छताकडे." दुखलं, आणि मग अंधारात एक पिवळी रेघ आली. बॅटरीची होती. ती हलली. मी ओरडलोच, "दिसतंय!"

"उजेड दिसतोय," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे. पण बुबुळावर डाग राहिला आहे का ते सूज उतरल्याशिवाय मला सांगता येणार नाही. इंजेक्शन देते, थेंब देते, परवा परत या. फोडांना हात लावायचा नाही. आणि मावशी, बिब्ब्याच्या कामाचे कपडे घालून ह्याच्याजवळ जायचं नाही."

त्या मधल्या काळात मी मावशीच्या घरी होतो. ती एकटीच राहते, लेकी दिलेल्या. तिनं बाज बाहेरच्या खोलीत टाकली. डोळे मिटलेले असले की घर आवाजांचं होतं. पहाटे ती वंदना म्हणायची, हळू, स्वतःपुरती. मग बादली, मग भाकरी थापल्याचा आवाज. बोटं सुजल्यामुळे मला घास धरता येत नव्हता. ती वरणात भाकरी कुस्करून भरवायची आणि वर टोमणे मारायची, "खा रे बाबा. काजू न्हाई, पर भाकर हाय." शेडमधली ठक ठक मात्र बंद होती. मी विचारलं तर म्हणाली माल यायचा आहे. माल तिथंच पडलेला होता हे मला नंतर कळलं.

कामावरच्या मुकादमाचा फोन आला तो तिनंच कानाला लावला. तो म्हणत होता, परवापर्यंत उभा राहिला नाही तर दुसरा ऑपरेटर बोलावतो, माणसं लाइनीत आहेत. मावशी म्हणाली, "बोलव. आन् रस्ता वाकडा झाला की इकडं बघायला येऊ नको." फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "असं कशाला बोललात? गेलं माझं काम." "काम जातंय का बघू. तुजे डोळे आधी यिऊ दे." पण नंतर तिनंच दोनदा विचारलं, खरंच दुसरा बोलवंल का तो, आणि मला कळलं की भीती तिलाही वाटते आहे.

बिब्ब्याबद्दल मी तिला रागानं काही बोललो असेन, कारण ती त्याची बाजू घ्यायला लागली. "असं न्हाई रं. माज्या टाचेच्या भेगांना हेच तेल घालते मी, दिव्यावर बिब्बा तापवून, टाच कशी मऊ होती. बाळंतिणीच्या लाडवात गोडंबी काय उगंच घालत्यात? वैद्य लोक बिब्बा नेत्यात, विटकरीच्या भुकटीत घासत्यात, दुधात उकळत्यात, जहर उतरवत्यात, मंग औषध."

"म्हणजे जहर तेच आणि औषधही तेच?"

"झाड एकच हाय. आपुन त्याचं काय करून राहिलो ते त्याला काय म्हाईत?" मग म्हणाली, "कोनाला उततो, कोनाला न्हाई. माज्या नणंदेला झाडाखालून गेलं तरी उततंय. मला इतक्या वर्षांत दोनदा. त्याला मानूस कळतो."

"मला कसा ओळखला त्यानं?"

"तू परका ना," ती सहज म्हणून गेली. मग गडबडीनं, "म्हंजे, त्याला."

त्याच दुपारी फोन वाजला. बघता येत नव्हतं. मावशीला वाचता येत नाही, पण फोटो आला होता. "एक बाई हाय. केसात फूल माळलंय."

आई. मी म्हणालो, उचलू नका. दोन दिवस मी तिचे फोन उचलत नव्हतो, रेंज नाही असं तिला वाटेल म्हणून. पण मावशीनं कुठंतरी बोट लावलंच होतं.

"हॅलो? गो बाये, तू कोण?" आईचा आवाज त्या खोलीत आला. "माजो झील खंय आसा?"

"काय?" मावशी म्हणाली.

"झील म्हणजे मुलगा," मी हळूच सांगितलं.

"हाय हाय, लेकरू हितंच हाय. बरं हाय. जरा तोंड सुजलंय."

"सुजलां? कित्याक? दाखव माका!"

मी तोंडावर हात घेतले, पण फोन फिरवल्याचं मला कळलं. पलीकडे काहीच ऐकू येईना. मला वाटलं आई रडते आहे. मग ती बोलली, रडत नव्हती, कारखान्यात बोलते तशी बोलत होती. "ह्या तर काजीचा तेल उडाल्यासारखा दिसता."

"बिब्ब्याचं हाय बाई. त्यानं टरफलं जाळली चुलीत."

"आवशीक बघून शिकलो, दुसरा काय!" आई म्हणाली, आणि दोघी एकदम हसल्या. माझ्यावर. मग आईनं विचारलं, "तू काय काम करतंस गो?"

"बिब्बे फोडते."

"मी काजी फोडतंय."

"दावा बरं हात," मावशी म्हणाली.

"तुजे दाखव आदी."

पुढचं मला सांगता येत नाही, कारण मला ते दिसलं नाही. मी मधे बाजेवर बसलो होतो, डोळ्यांपुढे अंधार, आणि माझ्या कानाजवळ फोन धरून मावशी एक हात त्याच्यापुढे उलटासुलटा करत असावी, बांगड्या वाजत होत्या. पलीकडे आईच्याही वाजल्या. शेवटी मावशी म्हणाली, "तुमचे बरेच साफ हायेत की."

"आता हातमोजे मेळतत. आदी बघूक होया होतंस."

मग आई म्हणाली, "तेका सांभाळ गो. तो लय भित्रो आसा."

"म्हाईत हाय मला," मावशी म्हणाली. "झोपेत बी दचकतंय."

फोन बंद झाल्यावर मी भिंतीकडे तोंड केलं. आमचं घर इतकं जवळ येऊन गेलं होतं, आणि मी ते बघू शकलो नव्हतो.

परत दवाखान्यात जायच्या सकाळी उजवा डोळा आपण होऊन फटीएवढा उघडला. पहिल्यांदा भिंत दिसली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि मग मावशी. मी तिला इतक्या जवळून कधी बघितलंच नव्हतं. आवाजावरून मी केवढी तरी मोठी बाई मनात धरली होती. ती माझ्या खांद्याएवढीच होती.

डॉक्टरबाईंनी दोन्ही डोळे बघितले. डोळ्यात हिरवट-पिवळा रंग घालून परत बघितले. मावशीनं माझी बाही धरली होती. "बुबुळ स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. मावशीनं बाही सोडली आणि तिथल्या तिथं बाकावर बसली. थोड्या दिवसांनी कामावर जायला हरकत नाही, असं त्यांनी लिहूनही दिलं.

मग त्या म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. तुमच्या शरीरानं आता हे द्रव्य ओळखून ठेवलं. पुढच्या वेळी थोड्यानंही होईल. बिब्ब्यापासून लांब राहायचं. आणि काजूचं कच्चं तेल, आंब्याचा चीक, ह्यांच्याशीही जपून. त्यानंही होऊ शकतं."

"काजूचं? पण मी घरी..."

"होईलच असं नाही. पण कारखान्यात काम करणार असाल तर विचार करून."

परत येताना जीपमध्ये मी खिडकीबाहेर बघत होतो. दिसत होतं, हरभरा, हळदीचे वाफे, विजेचे खांब, सगळं. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण इतकी वर्षं मी मनात एक ठरवून होतो, की फिरून फिरून कंटाळलो की घरी जाऊन आईच्या कारखान्यात लागायचं, मोसमात आंबे उतरवायचे. घरी परतणं म्हणजे माझ्यासाठी तेच होतं. आता ते घरच मला उतू शकणार होतं. मावशीला सांगितलं नाही. तिनं मात्र विचारलं, "काय रं, डोळे आले तरी तोंड पाडून काहून बसला?" मी म्हणालो, ऊन लागतंय.

मुकादमानं दुसरा ऑपरेटर आणला नव्हता, रस्त्याचा तेवढा तुकडा तसाच पडला होता. मी कामावर गेलो. पुढे आमचं काम सरकत सरकत सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला गेलं, मग जिल्ह्याबाहेर. आता मी दुसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्याच खोलीत हे लिहितो आहे. फोनवर शोधून वाचलं, त्या तेलातल्या द्रव्याला भिलावनॉल असं काहीतरी म्हणतात, आणि बिब्ब्याचं संस्कृत नाव भल्लातक. वाचलं आणि फोन बाजूला ठेवला. माझ्या गालावर अजून एक करडा डाग आहे, दाढी करताना दिसतो. मावशीचा फोन बहुतेक वेळा बंद असतो. लागला तर ती ओरडून बोलते आणि दोन वाक्यांत ठेवते.

तिच्या शेडमध्ये बसून तिला चार बिब्बे फोडून द्यावेत एवढंसुद्धा माझ्याच्यानं आता होणार नाही, झाड ते करू देणार नाही. मला येतं ते एकच. आम्ही केलेला मोठा रस्ता तिच्या गावावरून गुळगुळीत गेला, पण ती जिथून मला हाताला धरून घेऊन गेली ती गल्ली तशीच राहिली, कारण ती आमच्या कामात नव्हती. मावशीचं वय होत चाललंय, आणि रोज त्याच खाचखळग्यांतून ती डोक्यावर पोतं घेऊन जाते. मी एक दिवस तिथं रोलर घेऊन जाणार आहे. कसा, कोणाचा, ते अजून ठाऊक नाही. मुरूम टाकीन, पाणी मारीन, आणि नळापासून तिच्या उंबऱ्यापर्यंत ती गल्ली दाबून देईन, नीट बसेपर्यंत, कितीही वेळा मागे-पुढे जावं लागलं तरी. एवढं मावशीचं मी देणं लागतो, आणि ते मी फेडीन.